दिवसाला एक पायरी

सोमवार, २४ मार्च

साहेबांच्या मणक्यातली गादी सरकली आणि माझं नशीब उघडलं, असं नकाशाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडाला लगाम नाही. बावीस वर्षं त्या आमच्या हवामान कचेरीत हवेच्या दाबाचे नकाशे काढतात, त्यामुळे त्यांना कोणी काही बोलतही नाही. खरं एवढंच की साहेब आता सहा आठवडे अंथरुणातून उठणार नाहीत आणि ‘येत्या सात दिवसांचा अंदाज’ आजपासून माझ्याकडे आला आहे. रोज दुपारी बाराला तो बाहेर पडला पाहिजे. रेडिओवाले, वर्तमानपत्रं, घाटाच्या पायथ्याची चौकी, सगळे त्याची वाट बघत असतात.

साहेबांनी फोनवरून एकच गोष्ट तीनदा बजावली. अंदाज बदलायचा तर दिवसाला एक पायरी. आज ‘कोरडे’ असेल तर उद्या फार तर ‘अंशतः ढगाळ’. परवा ‘तुरळक सरी’, तेरवा ‘बऱ्याच ठिकाणी सरी’, आणि त्यानंतर कुठे ‘जोरदार’. मध्ये उडी मारायची नाही. उडी दिसली की लोक कालचा अंदाजही खोटा धरतात आणि आजचाही. मला हे वेगळं सांगायची गरज नव्हती. गेल्या वसंतात मी ‘कोरडे’वरून एकदम ‘जोरदार’वर गेलो होतो. गावातल्या सगळ्या शाळांचे मैदानी सामने रद्द झाले आणि त्या दिवशी असं लख्ख ऊन पडलं की पेपरवाला अजून विचारतो, ‘काय, आज गॉगल आणू का?’ दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आता मी फुंकूनच पिणार.

चार वाजता आईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आईला त्यांनी बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘पसरलंय. आता औषधं फक्त दुखणं कमी करायची. आठवडे धरून चला, महिने नको.’ मी विचारलं, किती आठवडे. त्या म्हणाल्या, ते कोणालाच नक्की सांगता यायचं नाही. मी बाहेर आलो तेव्हा आई शेजारच्या बाईंना सांगत होती की पाऊस पाडायचं काम माझ्या मुलाकडे आहे, तुम्हाला हवा असेल तर सांगा.

रिक्षात तिने विचारलं, ‘काय म्हणाल्या?’

‘अशक्तपणा आहे. विश्रांती घ्यायची.’

‘अशक्तपणा सांगायला अर्धा तास लागला?’

मी रिक्षावाल्याला पुढच्या वळणाचं सांगू लागलो.

मंगळवार, २५ मार्च

अंदाज: सातही दिवस कोरडे. कुठेही काही खुट्ट नाही.

ताईचा फोन आला. ती घाटापलीकडे असते, गाडीने तीन तास. तिकडच्या शाळेत शिकवते. म्हणाली, आईचा आवाज खोल का गेलाय? मी म्हणालो, अशक्तपणा आहे, रक्त कमी झालंय. यात एक अक्षर खोटं नाही. रिपोर्टात रक्त कमी असल्याचं लिहिलंच आहे.

तिला सगळं सांगायचंच आहे, पण बेताबेताने. आधी अशक्तपणा, मग तपासण्या, मग रिपोर्ट, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य. एकदम सांगितलं तर ती हातातलं टाकून गाडी काढेल. गेल्या वर्षी तेच झालं होतं. आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली आणि मी घाबरून ताईला ‘लगेच नीघ’ म्हणालो. ती धावत आली तेव्हा आई चहात बिस्किट बुडवत बसली होती, आणि ज्या दिवशी ताईची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती तो दिवस गेला. ताई हसली. ‘तुझे अंदाज!’ एवढंच म्हणाली. पण ती जागा दुसऱ्याच बाईंना मिळाली आणि मी महिनाभर तिला फोन करायचं टाळत होतो. आता पुन्हा तसं नको. उद्या डॉक्टरांचंच चुकलं असं निघालं तर?

गुरुवार, २७ मार्च

आईला जिना चढवेना. तिचा पलंग खाली पुढच्या खोलीत, खिडकीशी आणला. मी एक बाजू धरली, आईने उशी धरली आणि सगळं वजन आपणच उचलतोय असा चेहरा केला. खिडकीतून समोरचं सायकलचं दुकान दिसतं. दुकानदार दिवसभर हवा भरतो आणि आई मोजते. आज एकवीस.

संध्याकाळी म्हणाली, ‘तिला बोलाव.’

मी म्हणालो, शाळेत परीक्षा चालू आहेत, सहा तारखेच्या रविवारपर्यंत मोकळी होईल.

‘परीक्षा पोरांच्या आहेत. तिची कसली?’

‘सुपरव्हिजन असतं, पेपर तपासायचे असतात. आणि एवढं काय झालंय तुला? अशक्तपणाच तर आहे.’

आईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?’ आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाईट वाटलं. पण तिला सांगितलं तर ती ताईला सांगणार, आणि ताई पुन्हा घाटात गाडी घालणार.

शनिवार, २९ मार्च

आठवडाभर अंदाज तंतोतंत बरोबर. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, हल्ली तुमचं खातं सुधारलंय हो. मी मानेनेच हो म्हणालो, पण घरी येईपर्यंत तेच वाक्य मनात घोळवत होतो.

ताईला पुढचं सांगितलं. पोटाच्या काही तपासण्या केल्यात म्हणालो.

‘कसल्या? कधी केल्या? मला का नाही सांगितलंस?’

‘सांगतोय ना आता.’

‘आणि रिपोर्ट?’

‘यायचाय.’

हे मात्र खोटं. रिपोर्ट सोमवारपासून माझ्या कपाटात, विजेच्या बिलांखाली आहे. पण तिचा श्वास असा चढला होता की त्याच्या पुढे जाववलं नाही. उद्या-परवा सांगीन.

सोमवार, ३१ मार्च

शुक्रवारी काहीतरी येतंय. संगणक आम्हाला हवेची तीन वेगवेगळी गणितं मांडून देतो. त्यातल्या एका गणितात पश्चिमेकडून खोल कमी दाब येतोय, आणि मागे इतकी थंड हवा आहे की घाटमाथ्यावर पावसाचा बर्फ होईल. एप्रिलात बर्फ दहा वर्षांत एकदा पडतो. बाकीची दोन गणितं शांत आहेत. एकावर कोण विश्वास ठेवणार? ‘कोरडे’ तसंच ठेवलं.

घरी सिस्टर येऊ लागली आहे, सकाळ-संध्याकाळ. चुणचुणीत आहे. आईचे हात पुसताना दोघी कुजबुजतात आणि मी आलो की सायकलवाल्याबद्दल बोलायला लागतात.

मंगळवार, १ एप्रिल

आज तिन्ही गणितं एक झाली. शुक्रवारी जोरदार पाऊस, घाटात बर्फ. मी शुक्रवारसाठी ‘अंशतः ढगाळ’ लिहिलं.

नकाशाबाईंनी नकाशा माझ्या टेबलावर आपटला. ‘हे काय ढगाळ दिसतंय तुम्हाला? सरळ लिहा ना, घाट बंद पडणार.’

‘कालच कोरडं लिहिलंय. आज एकदम कसं लिहू?’

‘पावसाला जिना लावता तुम्ही लोक. तो काय पायऱ्या मोजत येणार आहे?’

मी त्यांना गॉगलची गोष्ट आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, ‘तेव्हा चुकलात म्हणून आता बरोबर यायला घाबरता, होय?’ मला राग आला. नकाशा काढणं वेगळं आणि त्याखाली सही करणं वेगळं. सही माझी असते. आज ढगाळ, उद्या सरी, शुक्रवार येईपर्यंत पोचूच की आपण.

ताईला रिपोर्टाचं सांगितलं. फारसा चांगला नाही, म्हणालो.

‘फारसा म्हणजे किती?’

‘औषधं चालू केलीत.’

‘मी उद्याच निघते.’

‘अगं, उद्या कशाला? परीक्षा आटोपून रविवारी ये. तुझा जीव धड राहायचा नाही असं अर्धं काम टाकून.’

‘आई काय म्हणते?’

‘आई सायकली मोजते.’

ती हसली. मला बरं वाटलं. रविवारपर्यंत कमी दाब निघून गेलेला असेल, घाट कोरडा असेल आणि ती आरामात येईल. सगळं व्यवस्थित बसतंय.

बुधवार, २ एप्रिल

शुक्रवार: तुरळक सरी.

आईने दिवसभरात दोन चमचे सूप घेतलं. सिस्टर स्वयंपाकघरात मला म्हणाली, ‘मुलगी कधी येणार आहे?’ रविवारी, म्हणालो. ती भांडं पुसत म्हणाली, ‘लवकर जमेल का बघा.’ मी विचारलं, ‘म्हणजे?’ ती म्हणाली, ‘म्हणजे लवकर.’

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी ताजी गणितं आली. कमी दाब वेगाने येतोय. शुक्रवारची दुपार कुठली, पहाटेच येऊन थडकणार. नकाशाबाई नुसत्या उभ्या राहून मी काय लिहितो ते बघत होत्या. मी लिहिलं, ‘बऱ्याच ठिकाणी सरी, घाटमाथ्यावर हलका बर्फ.’ ‘हलका’ या शब्दापाशी पेन दोनदा उचललं. मग चौकीला वेगळा फोन करून सांगावं असं वाटलं, पण लेखी एक आणि तोंडी दुसरं हे आमच्यात चालत नाही. बारा वाजता अंदाज गेला.

दीड वाजता ताईचा फोन. म्हणाली, ‘माझं लक्षच लागत नाही रे. रविवारपर्यंत नाही थांबायची. उद्या सकाळचा पेपर झाला की अकराला निघते. तुझा अंदाज वाचला. हलकाच बर्फ आहे ना?’

मी काय करायला हवं होतं ते मला त्या क्षणी कळत होतं. मी म्हणालो, ‘जमत असेल तर आजच नीघ.’

‘आज? का रे? आईला काही जास्त आहे का?’

‘नाही नाही. सहज म्हटलं.’

‘मग बर्फ जास्त पडणार आहे का?’

‘हलका लिहिलंय ना.’

‘मग उद्याच येते. आज दोन वर्ग अंगावर आहेत.’

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत तसाच बसलो. पुन्हा लावावा म्हणून दोनदा हातात घेतला. काय सांगणार होतो? ‘मघाशी नाही म्हणालो ते हो आहे’ असं? तिने विचारलं असतं, तुला कधीपासून माहीत आहे.

आईने आज सायकली मोजल्या नाहीत.

शुक्रवार, ४ एप्रिल

बारा वाजता मी अखेर ‘जोरदार पाऊस, घाटमाथ्यावर मोठा बर्फ’ असं लिहिलं. बाहेर ते पहाटेपासून चालूच होतं.

ताई पलीकडच्या पायथ्याशी अडकली आहे. चौकीवाल्यांनी दांडा आडवा टाकलाय. पुढे पन्नासेक गाड्या आहेत आणि वर दोन ट्रक आडवे झालेत. बर्फ काढायचं यंत्र शेडमध्ये आहे आणि त्याचा चालक गावाला गेलेला, कारण हलका बर्फ म्हटल्यावर त्याला कोणी थांबवलं नाही. चौकीवाला म्हणे ताईला म्हणाला, बाई, आम्ही अंदाज बघूनच माणसं ठेवतो.

‘तू आत आहेस ना त्या कचेरीत, विचार ना कधी उघडेल,’ ताई म्हणाली. मी म्हणालो, उद्या संध्याकाळपर्यंत, कदाचित परवा. मग म्हणालो, ‘ताई, आईचं जरा गंभीर आहे.’

‘जरा गंभीर म्हणजे काय असतं?’ ती ओरडली. माझ्यावर ती लहानपणीसुद्धा कधी ओरडली नव्हती.

शनिवार, ५ एप्रिल

आई गेली. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी.

रविवार, ६ एप्रिल

काल सकाळपासून ती मधूनमधून विचारत होती, ‘कुठवर आली?’ मी म्हणत होतो, वाटेत आहे. दोन वाजता एकदम स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘तिला म्हणावं सावकाश ये. घाटात फार बर्फ आहे.’ तिला हे कोणी सांगितलं कोण जाणे. मी तर तिला पाऊस आहे एवढंच म्हणालो होतो. सिस्टरने मान खाली घातली.

तीनला मी ताईला फोन लावला आणि तो आईच्या कानाशी धरला. ताई बोलत होती. काय बोलत होती ते मी ऐकलं नाही, हात लांब करून तोंड फिरवलं होतं. आईचे ओठ हलले, पण फोनमध्ये काही गेलं असेल असं वाटत नाही. वीस मिनिटं मी तसाच धरून होतो. सिस्टरने येऊन माझा हात खाली केला. ताई तिकडे अजून बोलत होती. ‘आई, ऐकतेस ना?’ असं तीनदा विचारून ती थांबली आणि मग मलाच सांगावं लागलं. हे एकच मी तिला लगेच सांगितलं.

सोमवार, ७ एप्रिल

पहाटे घाट उघडला. ताई साडेनऊला पोचली. दाजी बरोबर होते. तिने चपला काढल्या नाहीत, तशीच पुढच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही तिच्यासाठीच थांबलो होतो. दुपारी सगळं पार पडलं. नकाशाबाई आल्या होत्या. माझ्याशी काही बोलल्या नाहीत, पण ताईचे दोन्ही हात हातात धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. घाट तीन दिवस बंद राहिला म्हणून वरून विचारणा झाली आहे म्हणे. ‘पण मी तुझे सगळे अंदाज काढून बघितले,’ ते म्हणाले. ‘कोरडे, ढगाळ, तुरळक, बऱ्याच ठिकाणी, जोरदार. एकही उडी नाही. वेळ थोडी चुकली असेल, रीत चुकली नाही. शाब्बास.’ मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण वाटलं खरं. आईचं त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

बुधवार, ९ एप्रिल

दाजी काल परत गेले. ताई थांबली आहे.

आज सकाळी चहाच्या वेळी बघतो तर ती टेबलाशी बसलेली, आणि पुढ्यात रिपोर्ट. विजेचं बिल शोधायला गेली होती. वरच्या कोपऱ्यातल्या तारखेवर तिचं बोट होतं.

‘चोवीस मार्च,’ ती म्हणाली. ‘एकोणतीसला तू मला म्हणालास, यायचाय.’

मी उभाच राहिलो.

‘बस. आता मला पहिल्यापासून सांग. सगळं. मध्ये थांबू नकोस आणि माझ्या तोंडाकडे बघून काही गाळू नकोस.’

मी सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ‘पसरलंय’, आठवडे, महिने नको. रिक्षात आईला काय सांगितलं. जिना, पलंग, दोन चमचे सूप, सिस्टर काय म्हणाली. घाटात काय येतंय ते मला एक तारखेलाच कळलं होतं, हेही सांगितलं. ताई हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मला वाटलं होतं की ती कोसळेल, ओरडेल, उठून जाईल. ती नीट बसून होती. माझं संपलं तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली. चार मिनिटं झाली होती.

‘एवढंच?’ ती म्हणाली. ‘एवढं मला ऐकवणार नाही असं वाटलं तुला? बघ, बसलेली आहे ना मी? हे त्या सोमवारी सांगितलं असतंस तर मंगळवारी मी तिच्या उशाशी असते. बारा दिवस मिळाले असते मला. बारा.’

‘तुझ्यासाठीच...’

‘माझ्यासाठी नाही रे. तुला पुन्हा चुकायचं नव्हतं.’

चहावर साय धरली होती. तिने कप बाजूला सारला, रिपोर्टाची घडी घातली आणि विचारलं, ‘अजून काही राहिलंय?’

‘नाही.’

‘नक्की?’

राहिलं होतं. सगळं सांगताना ते तेवढं मी ओलांडून गेलो होतो. तिने विचारलं नसतं तर ते कधीच कोणाला कळलं नसतं, आई सांगायला नाही आणि सिस्टर तेव्हा यायलाही लागली नव्हती. मी म्हणालो, ‘सत्तावीस तारखेला, गुरुवारी, आई म्हणाली होती, तिला बोलाव. मी म्हणालो, परीक्षा आहेत.’

तेव्हा ताई रडली. आल्यापासून पहिल्यांदा. टेबलावर डोकं टेकून, लहान मुलीसारखी, आईला हाका मारत. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, तर तिने मान वर न करता आपला हात मागे केला आणि मला तिथेच थांबवलं.